थिबा पॅलेस: रंगीत काचांतून ऊन कधी येतं?

खाडीकाठची
रत्नागिरीकरांनो, एक विचारायचं आहे. मी तिसरीत असताना आजी मला भाट्याहून एसटीने थिबा पॅलेस दाखवायला घेऊन गेली होती. खालच्या मूर्तींपाशी ती फारशी रेंगाळली नाही. वरच्या मजल्यावर मात्र अर्धगोल खिडकीच्या रंगीत काचांतून ऊन फरशीवर उतरलं होतं. मी त्यात तळहात धरला, तो लाल झाला. बोटभर सरकवला, तर हिरवा!

तिथल्या रखवालदाराने सांगितलं, ब्रह्मदेशच्या थिबाराजाला इंग्रजांनी १८८५ साली तिथून हद्दपार केलं, त्याच्यासाठी हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. आजी खिडकीशी गप्प उभी राहिली. आमचे आजोबा मुंबईला गिरणीत होते, घर मनीऑर्डरवर चालायचं. जरा वेळाने म्हणाली, "राजा असून घरी जायला नाय मिळालं गो. आपलं माणूस गणपतीला तरी येतं."

माझी भाची आठ वर्षांची आहे, दिवाळीत येतेय. तो रंग तिच्या हातावर पडायला हवा. आम्ही किती वाजता गेलो होतो ते काही केल्या आठवत नाही. कुणी सांगेल का?

मिऱ्याकडचा
ताई, मावळतीकडच्या खिडक्या धरा आणि साडेतीन-चारच्या सुमारास जा. दिवाळीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन तिरपं होऊन खोलीत आतवर येतं. मे महिन्यात त्याच वेळी ते खिडकीजवळच राहतं. वर सोडतात का, ते आधी विचारून घ्या. दुरुस्ती चालू असली की काही भाग बंद असतो.

पाखाडीवरचे काका
भाचीला शिवाजीनगरची थिबाराजाची समाधीही दाखवा. राणी सुपयालत १९१९ मध्ये मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परतली, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी टुटू इथेच वाढली, इथेच तिने संसार केला, मराठी बोलायची. मुलांना राजवाडा दाखवतात आणि हे सांगायचं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

खाडीकाठची
काका, समाधीला नक्की जाऊ. टुटूची गोष्ट मीच सांगेन तिला. कोकणकन्येची तिकिटं आहेत, पहाटे उतरतील. दुपारचं जेवण आटपलं की निघू. भाचीला पांढरा फ्रॉक घालायला सांगते, रंग चांगला उठेल.