पुंकेसरातलं ‘केसर’ आणि दुधातलं केशर एकच का?

राजारामपुरीकर
मुलगी दहावीला. काल जास्वंद उभी चिरून वहीत चिकटवत होती. मधेच विचारलं, “बाबा, पुंकेसर म्हणजे दुधात घालतो तेच केशर का?” मी ठोकून दिलं, “तेच की, वाळवून घालतात.” आता चुटपुट लागलीय.

फळा-खडू
चुकलंच तुमचं. केशराच्या फुलात पुंकेसर असतात तीन, पिवळे, आणि ते कुणी खात नाही. आपण दुधात घालतो ती तांबडी कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचा शेंडा. फुलाला तीनच काड्या, म्हणून १ किलो केशराला सुमारे दीड लाख फुलं खुडावी लागतात. त्यातही लागवडीच्या केशराला बी धरतच नाही, सगळं कंदावर चालतं.

मूळ शब्द केसर. संस्कृतात त्याचा अर्थ फुलातला तंतू, तसाच आयाळही. आयाळ असलेला तो केसरी, सिंह. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, ते केसरी हेच. तेव्हा पुंकेसर म्हणजे नर तंतू, एवढाच अर्थ घ्या. टोकाला परागकोश, त्यात पराग. स्त्रीकेसराला मात्र हे नाव जरा ओढूनताणूनच बसतं. तो तंतू कसला, सुरईच ती! खाली फुगीर अंडाशय, वर मान म्हणजे कुक्षीवृंत, तोंडाशी चिकट कुक्षी. पराग तिथं चिकटतो, त्याची नळी मानेतून खाली बीजांडापर्यंत उतरते. पुढं बीजांडाचं बी आणि अंडाशयाचं फळ.

जास्वंदीची मधली दांडी मुलीनं ‘पुंकेसर’ म्हणून दाखवली असेल तर अर्धाच मार्क. पुंकेसरांचे तंतू जुळून तिथं नळी झालेली असते. ब्लेडनं ती अलगद चिरा, आत पांढरट धागा दिसेल. तो कुक्षीवृंत. वर पाच मखमली गोंडे दिसतात, त्या कुक्षी.

जुनी वही
विश्वकोशात कुक्षीला किंजल्क आणि अंडाशयाला किंजपुट म्हटलंय. पण संस्कृतात किंजल्क म्हणजे कमळातलं केसर! म्हणजे घोळ आजचा नाही. मला तरी कुक्षी बरा वाटतो, तोंडात बसतो.

करवीरचा गडी
आमच्याकडं शब्द सोपं. मक्याचा तुरा नर, कणसाचं केस मादी. एका केसाला एक दाणा. ज्या केसाला पराग लागंना, तिथं दाणा न्हाई, कणीस दातपडकं. भोपळ्याच्या नर फुलाला मात्र आजी ‘वांझ’ म्हणायची. एका साली तिनं सगळी वांझ फुलं खुडून भजी केली. मादी फुलाखालचं बोटाएवढं भोपळं पिवळं पडून गळलं, वेलाला एक फळ न्हाई. आजी म्हणाली, दृष्ट लागली.

राजारामपुरीकर
भारी! मग कांदा-लसूण मसाल्यातलं नाकेसर?

फळा-खडू
त्या वाळलेल्या कळ्या. नागकेशराच्या उमललेल्या फुलात पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका असतो, नाव त्यावरनं.

राजारामपुरीकर
ब्लेड आणलंय. झाडावर एकच फूल उरलंय आणि आई म्हणतेय ते गणपतीचं, हात लावायचा नाही.