जर्सी, गर्न्सी, आइल ऑफ मॅन: बेटांच्या संरक्षणाचा खर्च कोणी उचलायचा?

दीपस्तंभ (धागाकर्ता)

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं जर्सीत होतो. दर ९ मेला सेंट हेलियर बंदराजवळच्या चौकात सगळं बेट लोटतं. १९४५ साली याच दिवशी जर्मनांच्या ताब्यातून सुटका झाली. हॉटेलच्या सज्ज्यात पुन्हा ब्रिटिश झेंडा चढतो आणि खुर्चीत बसलेल्या वयस्कर आजीबाई काठीचा आधार घेत उठून उभ्या राहतात. पहिल्या वर्षी ते पाहून माझ्या घशात आवंढा आला. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, तो इथे मांडतो.

ही तिन्ही बेटं (जर्सी, गर्न्सी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, आइल ऑफ मॅन ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधे) ब्रिटनचा भाग नाहीत. ती थेट राजाच्या छत्राखाली आहेत, पण विधिमंडळ, कायदे, कर सगळं त्यांचं स्वतःचं. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार तेवढे लंडनकडे. त्याच्या बदल्यात आइल ऑफ मॅन दरवर्षी रोख रक्कम देतं. ही प्रथा १८६६ची, तेव्हा वर्षाला १०,००० पौंड ठरले होते. जर्सी १९८७पासून राखीव सैन्याची एक इंजिनिअर तुकडी पोसते. गर्न्सीने त्याच वर्षी शेजारच्या ऑल्डर्नी बेटावरच्या लाटरोधक बंधाऱ्याची देखभाल अंगावर घेतली.

आता हिशेब करा. ब्रिटनचा २०२३-२४चा संरक्षण खर्च सुमारे ५४ अब्ज पौंड, लोकसंख्या ६.८ कोटी. म्हणजे माणशी ७९० पौंडांच्या आसपास. तिन्ही बेटांवर मिळून अडीच लाख माणसं. त्या दराने जवळपास २० कोटी पौंड होतात. आज जे दिलं जातं ते याच्या आसपासही फिरकत नाही. आणि ही काही गरीब बेटं नव्हेत. बहुतेक कंपन्यांना तिथे शून्य टक्के कर आहे. माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी आपापल्या विधिमंडळात ठराव करून उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यावा.

मुळामुठा

पूर्ण असहमत. ९ मे सांगितलात, आता २८ जून १९४०ही सांगा. फ्रान्स पडल्यावर लंडनने जर्सी-गर्न्सीवरचं सैन्य काढून घेतलं, पण आता इथे सैन्य नाही हे जर्मनांना कळवलंच नाही. त्या संध्याकाळी गर्न्सीतल्या सेंट पीटर पोर्टच्या धक्क्यावर टोमॅटोचे ट्रक ओळीने उभे होते, माल बोटीत चढायचा होता. जर्मन वैमानिकांना वरून ती सैन्याची वाहनं वाटली. बॉम्ब पडायला लागल्यावर ड्रायव्हर आपापल्या ट्रकखाली शिरले आणि तिथेच गेले. दोन्ही बेटांवर मिळून ४४ माणसं मेली. पुढची पाच वर्षं जर्मन फौजेचा खर्चही बेटवाल्यांच्याच बोडक्यावर. जर्सीचा आयकर २० टक्क्यांवर गेला तो १९४० साली, आणि आजही तो २० टक्केच आहे.

ज्यांना ऐन वेळी वाऱ्यावर सोडलं त्यांच्याकडे वर्गणी मागायची?

दीपस्तंभ

मुळामुठा, ट्रकवाल्यांची गोष्ट जर्सीतही लोक सांगतात, आणि ती ऐकताना मान खालीच जाते. सैन्य नसल्याचं वेळेवर जाहीर न करणं हा गुन्हाच होता. पण फ्रान्सचा किनारा गेल्यावर ती बेटं लढवून राखता आली असती असं मला वाटत नाही. आणि अलीकडचंही बघा. मे २०२१मध्ये मासेमारीच्या परवान्यांवरून साठेक फ्रेंच बोटी सेंट हेलियर बंदरासमोर येऊन ठाकल्या. सेव्हर्न आणि टेमर या नौदलाच्या दोन गस्ती नौका तातडीने आल्या, त्याच दिवशी बोटी परतल्या. हाक मारली आणि कोणीतरी आलं. त्या येण्याला काही खर्च असतो की नाही?

गोदाकाठ

पैशापेक्षा तत्त्वाचं बघू. वेस्टमिन्स्टरमध्ये या बेटांचा एकही खासदार नाही. युद्धात पडायचं की नाही, पाणबुड्या किती बांधायच्या, हे त्यांना कोणी विचारत नाही. मग माणशी ७९० पौंड कुठल्या नात्याने?

हे आपल्याला तरी नवं नसावं. १८६७-६८च्या ॲबिसिनियाच्या (आजचा इथिओपिया) मोहिमेला मुंबईहून फौज गेली. तिथे हिंदुस्थानचं काय अडलं होतं? तरी त्या फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेला. १८९७ साली गोखले डेक्कन सभेच्या वतीने हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले, तेव्हा लष्करी खर्चाचं हे ओझंही त्यांनी मांडलं. ज्यांना मत नाही त्यांनी बिल भरायचं, हे तेव्हा चूक होतं तर आज बरोबर कसं?

दीपस्तंभ

गोखल्यांचं उदाहरण इथे बसत नाही. हिंदुस्थानचे पैसे न विचारता घेतले गेले, आणि तेही उपाशी माणसांच्या खिशातून. इथे लंडनने कर लादावा असं मी म्हणतच नाही. ठराव बेटांनी करायचा. अटलांटिकमधला बर्म्यूडा बघा. तोही ब्रिटनच्या छत्राखालचा, पण त्यांची स्वतःची रेजिमेंट आहे, खर्च स्वतःच्या तिजोरीतून. २०१८पर्यंत तिथे सक्तीची भरती होती. हल्ली तीच रेजिमेंट किनाऱ्यावर गस्तही घालते.

वाळूसिमेंट

बंदरबांधणीत पंचवीस वर्षं गेली, म्हणून फक्त ऑल्डर्नीच्या बंधाऱ्यावर लिहितो. वर त्याचा एका ओळीत उल्लेख झाला आणि मला राहवलं नाही.

तो बंधारा ऑल्डर्नीने मागितला नव्हता. समोर शेरबूर्गला फ्रेंचांचं आरमारी बंदर उभं राहत होतं, म्हणून ब्रिटिशांनी १८४७मध्ये काम काढलं. खाणीतून दगड आणायला रेल्वे टाकली. ती अजून आहे, लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने डबे तिच्यावर पर्यटकांना फिरवतात. बंधारा जवळपास १.४ किलोमीटर बांधला, तेही खोल पाण्यात आणि अटलांटिकच्या थेट तोंडावर. बाहेरचं टोक टिकेना, ते सोडून दिलं. आज ८७० मीटरच्या आसपास उरलाय.

मी गेलो होतो तेव्हा फार मोठं वादळही नव्हतं. लाट भिंतीवर आपटायची, पाणी सरळ वर चढायचं आणि मग पायाखालचा दगड हलल्याचा आवाज यायचा, जात्यासारखा घरघरता. कामाची सवय असलेल्या माणसाला त्या आवाजाने झोप लागत नाही. असा बंधारा कधीच पुरा होत नाही. हिवाळ्यात समुद्र पायथा ओढून नेतो, मग पुन्हा दगड आणून ओता.

नौदलाला हवा म्हणून बांधला, नौदलाचं काम संपल्यावर गर्न्सीच्या गळ्यात आला. याला नगण्य म्हणू नका. आणि माणशी भागाकारही चुकीचा आहे. उद्या ही बेटं नकाशावर नसती तरी ब्रिटनची एकही पाणबुडी कमी झाली नसती.

मुळामुठा

वाळूसिमेंट यांच्या शेवटच्या वाक्याला +१.

दीपस्तंभ

वाळूसिमेंटसाहेब, ७९०चा आकडा मागे घेतो. पाणबुड्यांचा वाटा बेटांकडे मागणं चूक, हे पटलं. पण बंधाऱ्याच्या आड आज ज्या बोटी उभ्या राहतात त्या ऑल्डर्नीच्याच ना? स्वतःच्या बंदराची डागडुजी हे संरक्षणाचं योगदान म्हणून मांडणं मला अजूनही खटकतं.

मग मागणी छोटी करतो. बेटांभोवतीच्या पाण्यातली गस्त आणि समुद्रतळाच्या केबलींवरची नजर, एवढ्याचाच खर्च तिघांनी मिळून उचलावा.

गोदाकाठ

एवढ्याला माझी हरकत नाही. फक्त गस्ती नौका कधी बोलवायची आणि कधी परत पाठवायची, हेही मग त्यांच्याच विधिमंडळाने ठरवायचं. २०२१ला ते लंडनने ठरवलं होतं. ते सोडायला लंडन तयार आहे का?