'सूक्ष्म छायाचित्र' म्हणावं का?

विचारणा: फ्रेंच वैद्य आल्फ्रेड दॉने आणि भौतिकशास्त्रज्ञ लेओं फुको यांनी १८४५ साली पॅरिसमध्ये सूक्ष्मदर्शकातल्या दृश्यांचा चित्रसंग्रह छापला. त्यातल्या रक्तपेशींच्या चित्राखाली 'सूक्ष्म छायाचित्र' लिहिलं तर चालेल का?

उत्तर: नको. त्यातून छायाचित्रच बारीक असल्याचा अर्थ निघतो, आणि तशी छायाचित्रं खरोखर असतात. मँचेस्टरचे उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर मोठा मजकूर छायाचित्रात ठिपक्याएवढा करत. १८७०-७१मध्ये प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला, तेव्हा कबुतरांनी शहरात नेलेले निरोपही असेच फिल्मवर आकसलेले होते. तुमच्याकडे उलटं आहे: वस्तू बारीक, चित्र मोठं. म्हणून 'सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं छायाचित्र' असं सरळ लिहावं. लांब आहे, पण घोटाळा होत नाही.

मात्र या पुस्तकापुरतं तेही अपुरं आहे. त्यातली चित्रं मुळात डागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतलेली. या पद्धतीत निगेटिव्ह नसते. पत्रा एकच, त्याच्या प्रती निघत नाहीत. त्यामुळे कारागिरानं पत्र्यावरून बघून ठसे कोरले आणि पुस्तकात ते छापले. दॉने यांचा आग्रह होता की वस्तूनं स्वतःच स्वतःला रेखाटावं, चित्रकाराच्या मताची त्यात भर नको. तरी वाचकापर्यंत पोचताना माणसाचा हात मध्ये आलाच. विज्ञानाचा पुरावा आणि कोरक्याची कला इथे एकाच पानावर आहेत, आणि माझ्या मते या पुस्तकाची खरी थोरवी त्यातच आहे. ती चित्राखालच्या ओळीत दिसायला हवी: 'डागेरोटाइपवरून कोरलेलं चित्र'.

(हेच ते फुको, ज्यांनी पुढे १८५१ साली लंबकाच्या साहाय्यानं पृथ्वीचं फिरणं दाखवलं.)

विचारणा: आणि 'रक्तपेशी' की 'रक्तकण'?

उत्तर: आज तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी हेच रूढ आहे, लेखात तेच ठेवा. पण दॉने यांच्या तोंडी 'कण' घाला. पेशी हा सजीवांचा मूळ घटक, हा सिद्धांत १८३८-३९मध्ये नुकता मांडला गेला होता, आणि ते स्वतः 'ग्लोब्यूल' म्हणजे गोलक असं लिहीत. माणसाची पक्व तांबडी पेशी केंद्रकाविना, म्हणजे पेशीतल्या गाभ्याविना असते. बेडकाची लंबगोल असून तिच्यात केंद्रक स्पष्ट दिसतं. दोन्ही चित्रं शेजारी छापणार असाल तर हा फरक खाली जरूर लिहा, नाहीतर वाचक बेडकाच्या पेशीतला मधला डाग छपाईचा दोष समजेल.