आजोबांचा फोन आणि तिसरीतली मुलगी : सल्ला हवा आहे

अंबडची_पाळी :
नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मी अंबडला कारखान्यात पाळीत काम करतो आणि पत्नीची नोकरी सातपूरला आहे, त्यामुळे शाळा सुटल्यापासून सायंकाळी सातपर्यंत आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा आजी-आजोबांजवळ असतात. त्या वेळात दोघांच्या हाती आजोबांचाच फोन असतो, आणि त्यांच्या पेन्शनच्या खात्याचे यूपीआयही त्याच फोनवर आहे. गेल्या आठवड्यात एका गेममध्ये कुणा अनोळखी खेळाडूने मुलीला आधी फुकटची नाणी दिली, मग शाळेचे नाव विचारले आणि शेवटी ‘आई घरी किती वाजता येते?’ असे विचारले. तिने दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरे दिली. मी फोन चार्जिंगला लावायला घेतला तेव्हा ते संभाषण उघडेच होते, म्हणून मला कळले. मी तिच्यावर ओरडलो, आणि तेव्हापासून ती त्या विषयावर एक शब्दही बोलत नाही. फोन पूर्ण बंद करणे आमच्या घरात शक्य नाही, आणि आजोबांना आपल्यावर ठपका ठेवला असे वाटू नये, हेही सांभाळायचे आहे. कोणती व्यवस्था प्रत्यक्षात टिकते, ते कृपया सांगावे.

कॉलेजरोडवासी :
मुलांचा फोन आणि आजोबांचा फोन वेगळे करणे, हे पहिले काम समजावे. घरात जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर तो सिमकार्डाशिवाय घरच्या वायफायवर चालवावा आणि त्यावर मुलीचे खाते गूगलच्या फॅमिली लिंकमधून उघडावे. तेरा वर्षांखालील मुलांची खाती अशीच पालकांच्या देखरेखीखाली उघडता येतात. मग नवे अ‍ॅप उतरवायचे असेल तर तुमच्या फोनवर परवानगी मागितली जाते, आणि ठरलेल्या वेळी तो फोन आपोआप बंद होतो. आजोबांच्या फोनवर त्यांच्या खात्याशेजारी हे खाते बसवण्याच्या खटाटोपात मात्र पडू नये, मी त्यात एक रविवार घालवला आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. गेमच्या आत कोण कोणाशी काय बोलते, हे फॅमिली लिंकला दिसत नाही. त्यासाठी त्या गेमच्याच सेटिंगमध्ये जाऊन चॅट बंद करावे लागते, आणि चॅट बंद करण्याची सोयच नसेल तर तो गेम काढून टाकावा. धाकट्यासाठी यूट्यूब किड्समध्ये केवळ पालकांनी मंजूर केलेले व्हिडिओ दिसण्याची सोय आहे. ती निवडली की शोधण्याची खिडकी बंद होते. त्यातले चॅनेल निवडण्याचे काम आजोबांकडे सोपवा. आमच्या वडिलांनी ते इतके मनावर घेतले की नातवाच्या आधी तेच सगळे व्हिडिओ पाहून संपवतात.

पंचवटीची_बाई :
मी प्राथमिक शाळेत शिकवते. तुमच्या लिखाणात मला गेमपेक्षा ‘ओरडलो’ या शब्दाची अधिक काळजी वाटली. आठ वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने तिला कुणीतरी प्रेमाने नाणी दिली, तिने विचारलेल्याचे उत्तर दिले आणि मार मात्र तिला बसला, मग तो शब्दांचा का असेना. अशी मुले पुढच्या वेळी गोधडीत शिरून फोन पाहतात. तिच्याजवळ बसून ‘मी घाबरलो होतो म्हणून ओरडलो, तुझी चूक नव्हती’ असे स्पष्ट म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी त्या खेळात तुम्ही स्वतः तिच्याशेजारी बसावे.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हे वाक्य मुलांना उपयोगी पडत नाही, कारण तीन दिवस सोबत खेळलेला माणूस त्यांच्या लेखी अनोळखी राहिलेलाच नसतो. त्याऐवजी प्रश्न ओळखायला शिकवावेत: शाळा कोणती, घरी कोण असते, फोटो पाठव, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘आईला सांगू नकोस’. यांपैकी काहीही विचारले गेले की फोन तसाच आजीच्या हातात द्यायचा, एवढा एकच नियम पुरे. जाता जाता एक विनंती: गणवेशातला, ओळखपत्र गळ्यात असलेला फोटो आपणच स्टेटसवर ठेवतो, तोही थांबवावा.

द्वारकाचौक :
मी वकिली करतो, म्हणून कायद्यापुरते लिहितो. ते संभाषण अद्याप असेल तर त्या खेळाडूला ब्लॉक करण्यापूर्वी त्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिस ठाण्यात करता येते. पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० वर फोन करावा आणि मुलांसंबंधीच्या कोणत्याही अडचणीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार ऑनलाइन संपर्क साधणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. मुलाचा अश्लील फोटो कुणी मागितला वा मिळवला, तर ‘पुरावा’ म्हणून तो नातेवाइकांच्या ग्रुपवर मुळीच पाठवू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार असे चित्र पुढे पाठवणे हाच गुन्हा ठरतो. लोक चांगल्या हेतूने नेमके तेच करतात.

अंबडची_पाळी :
सर्वांचे आभार. स्क्रीनशॉट घेतले आहेत. काल पाळी संपल्यावर मुलीजवळ बसलो. बराच वेळ ती गप्पच होती, मग तिने हळूच सांगितले की त्या खेळाडूने तिचा वाढदिवसही विचारला होता. तक्रार आज नोंदवतो. आता एकच अडचण राहिली आहे: शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, त्यासाठी तरी फोन तिच्या हाती द्यावाच लागतो ना?

पंचवटीची_बाई :
द्यावा लागत नाही. तो ग्रुप आईच्या फोनवर ठेवावा, आणि आईने घरी फोन करून गृहपाठ सांगावा व मुलीने तो वहीत उतरवून घ्यावा. आमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत असेच चालते.