शाहू महाराजांचा मुख्य सल्लागार कोणास म्हणावे? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या वाचनालयात शाळकरी मुलांसमोर छत्रपती शाहू महाराजांच्या (संभाजी महाराजांचे पुत्र) सातारा दरबारावर बोलायचे आहे आणि टिपणे काढताना एका प्रश्नावर अडलो आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान म्हणजे पेशवे होते, इथपर्यंत चित्र स्पष्ट आहे. पुढे राजाराम महाराजांनी जिंजीस प्रल्हाद निराजींसाठी प्रतिनिधी हे पद निर्माण केले आणि त्याचा मान पेशव्याहूनही वरचा ठरला.

१७१३ मध्ये पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांच्या शिक्क्यात ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ ही अक्षरे आधी येतात आणि ‘मुख्य प्रधान’ हे पद शेवटी. हा क्रम मला फार बोलका वाटतो. परंतु त्यांचे पुत्र आणि पुढचे पेशवे बाजीराव वर्षातील कित्येक महिने मोहिमेवर असत, आणि उत्तरेकडील विस्ताराबाबत श्रीपतराव प्रतिनिधींनी त्यांना दरबारात उघड विरोध केला होता. अशा वेळी, पेशवे दूर असताना, महाराजांना रोजचा सल्ला कोण देत असे: प्रतिनिधी, चिटणीस (पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी) की आणखी कोणी? पदापेक्षा जवळिकीचे वजन अधिक असावे, असे माझे मत होत चालले आहे.

मोडी पत्रव्यवहार वाचलेल्या जाणकारांनी एखादा नेमका प्रसंग सांगितल्यास मी मनापासून आभारी राहीन.