गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकला घरी रंग द्यावा का?

खटपट्या

जुन्या गाडीत बसल्यावर इंजिन किती चाललंय ते कोणाला कळत नाही. डोळ्यांत भरते ती गिअरभोवतीची चरे पडलेली चंदेरी चौकट, नखांनी खरवडलेली काचेच्या बटणांची पट्टी, रेडिओशेजारची तकाकी गेलेली काळी फ्रेम. बाकी गाडी ठणठणीत असते आणि एवढ्याशा तुकड्यांमुळे ती भंगारातून आणल्यासारखी दिसते. यावर कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "घरी रंगवू नका, पोपडे निघतील."

मला हा सल्ला पटत नाही. पोपडे निघतात ते तुकडा न काढता, कागद आणि चिकटपट्टी लावून, वरवर पुसून फवारा मारला म्हणून. तुकडा क्लिपांमधून नीट सोडवा (प्लॅस्टिकच्या पात्याने, स्क्रूड्रायव्हरने नाही). भांड्यांच्या साबणाने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा, प्लॅस्टिकचा प्रायमर द्या. मग २०-२५ सेंटीमीटरवरून रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये दहाएक मिनिटं. पहिल्या हातात खालचं प्लॅस्टिक दिसत राहिलं पाहिजे. एकाच हातात झाकायला जाल तर ओघळ ठरलेला.

हे घरी न जमण्यासारखं काय आहे? विरोध असेल तर कारणासकट लिहा.

मूळरंग

कारणासकट असहमत.

गाडीतलं बहुतेक काळं-करडं प्लॅस्टिक वरून रंगवलेलं नसतंच. रंग साच्यात ओतायच्या आधी दाण्यातच मिसळलेला असतो. त्यावर चरा पडला तरी चऱ्याच्या तळाशी तोच रंग असतो, म्हणून तो पटकन दिसत नाही. तुम्ही त्यावर वेगळ्या रंगाचा थर चढवलात की पुढचा प्रत्येक चरा खालचं प्लॅस्टिक उघडं पाडणार. म्हणजे लपणारी खोट तुम्ही स्वतःहून उठून दिसणारी करून घेता.

दुसरं पोताचं. दरवाज्याच्या पॅनेलवर चामड्यासारखे बारीक कंगोरे असतात. प्रायमर, रंग, क्लिअर (सर्वांत वरचा पारदर्शक थर) असे थर बसले की ते बुजतात आणि पॅनेल खेळण्यातल्या गाडीसारखं गुळगुळीत दिसतं. त्यावर पॉलिश पेपर फिरवला असेल तर विचारूच नका. मळलेलं पॅनेल मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने साफ करा, निम्म्या लोकांची रंगाची हौस तिथेच फिटेल.

खटपट्या

@मूळरंग, मी चंदेरी चौकट म्हटलं, चामड्याच्या पोताचं पॅनेल नाही. ती चौकट कारखान्यातही वरूनच रंगवलेली असते. कारखान्याचा रंग उडाला तर आपण द्यायचा नाही, हा कुठला न्याय? पोताबद्दल मात्र मान्य, तिथे पॉलिश पेपर लावू नये.

राळ

मी प्लॅस्टिकच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर. दोघेही "प्लॅस्टिक" असं सरसकट लिहिताय, आणि सगळा घोळ तिथे आहे.

तुकडा काढला की मागे पाहा. दोन टोकदार कंसांत अक्षरं उमटवलेली असतात, ती प्लॅस्टिकचा प्रकार सांगतात. एबीएस किंवा पीसी+एबीएस असेल तर तुमचं काम सोपं आहे. त्यावर चांगला रंग बसतो. पीपी असेल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तर गोष्ट वेगळी. पुढे ईपीडीएम म्हणजे रबर आणि टीडी२० म्हणजे वजनाच्या २० टक्के टाल्क भुकटी, असंही लिहिलेलं सापडतं. दरवाज्याची पॅनेलं आणि खांबांवरची आवरणं बहुधा याचीच. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की द्रव त्यावर पसरायलाच तयार नसतो. रंग कितीही महाग घ्या, तो नुसता वर बसून राहतो आणि नखाने सालपटासारखा निघतो. कारखान्यात अशा भागांवर रंगाआधी ज्योत किंवा प्लाझ्मा फिरवून पृष्ठभाग बदलतात.

घरी त्याला पर्याय म्हणजे अॅडहीजन प्रमोटर, म्हणजे रंगाआधी द्यायचा चिकटपणा वाढवणारा थर. त्यात बहुधा क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन असतं, ते एका बाजूने प्लॅस्टिकला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरतं. पण त्याचा हात अगदी पातळ लागतो आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच वर रंग गेला पाहिजे. "सकाळी प्रमोटर, संध्याकाळी रंग" असं चालत नाही. पॉलिप्रॉपिलीन जोरात घासलं की त्याला लव सुटते आणि ती रंगाखालून दिसते, हेही लक्षात ठेवा.

एबीएसवर अॅसिटोन किंवा कडक थिनर लावू नका. पृष्ठभाग विरघळतो, आणि जिथे ताण असतो तिथे, विशेषतः क्लिपांच्या मुळाशी, बारीक तडे जातात. तुकडा छान रंगतो आणि परत बसवताना कानच तुटतो.

गनवाला

रंगकाम हाच माझा धंदा. राळताईंच्या प्रतिसादाला +१. साबणाबद्दल मात्र एक भर घालतो. वर्षानुवर्षं डॅशबोर्डवर चकाकीसाठी जे पॉलिश चोळलेलं असतं त्यात सिलिकॉन असतं. ते एका धुण्यात जात नाही. रंग पडला की जागोजागी वाटोळे खड्डे उघडतात, त्याला आम्ही फिशआय म्हणतो. आणि आधी घासून मग धुतलंत तर ते सिलिकॉन चऱ्यांमध्ये भरलं जातं. धुणं आधी, घासणं नंतर, परत पुसणं.

आता असहमती. रेडिओची फ्रेम घरी रंगवा, माझी ना नाही. पण हात जिथे रोज लागतो, म्हणजे दरवाज्याचं हँडल, काचेची बटणं, गिअरची मूठ, तिथे साध्या स्प्रे कॅनचं क्लिअर टिकत नाही. ते नुसतं वाळतं, त्यात हार्डनरची प्रक्रिया होत नाही. सनस्क्रीन, सॅनिटायझर, घाम यांनी ते मऊ पडतं आणि अंगठ्याच्या जागी चिकट डाग तयार होतो. तिथे टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून पक्कं होणारं दोन घटकांचं क्लिअरच हवं. आणि टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दम्याचा त्रास जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे थोडासा संपर्कही पुरतो. आम्ही बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतो. घरच्या गॅलरीत कापडी मास्क लावून हे करायचं नाही.

खटपट्या

@गनवाला, राग नसावा, पण "हाताचे भाग आमच्याकडेच आणा" असंच झालं की हे. धंद्याचा माणूस दुसरं काय सांगणार?

गनवाला

अहो, चार बटणांच्या पट्टीचं काम मला परवडतही नाही, मास्किंगलाच निम्मा दिवस जातो. मी सांगतोय, दुसरी चांगली पट्टी मिळत असेल तर सरळ ती बसवा. माझ्याकडे आणू नका, घरीही करू नका.

दहाचापाना

रंग बाजूला ठेवा. एअरबॅगबद्दल कोणी बोललंच नाही.

स्टीअरिंगचं मधलं झाकण आणि शेजारच्या सीटसमोरचा डॅशबोर्डचा भाग ठरलेल्या रेषेवर फाटावा म्हणून मुद्दाम पातळ केलेला असतो. त्यावर फिलर, प्रायमर, क्लिअर यांचे थर चढवायचे नाहीत. फाटणं बदलू शकतं, आणि कडक थराचे कपचे तोंडावर उडू शकतात. धागाकर्ते म्हणतील, मी फक्त आतल्या पट्ट्यांबद्दल बोलतोय. पण पुढच्या काचेशेजारच्या खांबाचं आवरण हीसुद्धा आतली पट्टीच, आणि पडद्यासारखी एअरबॅग असलेल्या गाडीत ती त्याच्या मागे असते. आवरणावर एअरबॅगची खूण असेल तर हात लावू नका.

जवळपासची जोडणी काढायची असेल तर बॅटरीची ऋण तार सोडून गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबा. जोडणी सुटी असताना चावी फिरवलीत की एअरबॅगचा दिवा लागतो आणि बरेचदा तो यंत्र जोडल्याशिवाय विझत नाही.

खटपट्या

@दहाचापाना, खांबाचं माझ्या डोक्यात नव्हतं. एअरबॅगची खूण असलेलं सगळं माझ्या यादीतून वगळा.

सावलीचीजागा

डॅशबोर्डच्या वरच्या भागाला कोणी चकचकीत किंवा फिकट रंग देणार असेल तर कृपया थांबा. तो भाग काळपट आणि मॅट असतो तो नुसता फॅशन म्हणून नाही. ऊन पडलं की फिकट किंवा चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसतं आणि त्यामागचा रस्ता धूसर होतो. रंग कितीही पक्का बसला तरी हा दोष जात नाही.

माझं मत विनाइल रॅपच्या, म्हणजे वरून चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मच्या बाजूने. नको झालं तर काढता येतं, वास नाही, विषारी फवारा नाही.

मूळरंग

रॅप सपाट पट्टीवर ठीक. खोल कोपऱ्यात ताणून बसवलं की उन्हात ते मूळ आकाराकडे ओढ घेतं आणि कडा उचलल्या जातात. पोताच्या प्लॅस्टिकवर तर धड चिकटतही नाही.

बाकी एक प्रश्न राहिलाच. आगीचं काय? अमेरिकेत १९७२ पासून एफएमव्हीएसएस ३०२ नावाचा नियम लागू आहे. गाडीच्या आतलं साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळता कामा नये. घरी चढवलेल्या थराची अशी चाचणी कोण करतं?

राळ

कोणीच नाही, बरोबर. तरी प्रमाणात बघू या: पूर्ण वाळलेला रंगाचा थर मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा, त्याखाली दोन-तीन मिलिमीटर प्लॅस्टिक. मला त्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती तुकडा अर्धवट वाळलेला असताना बंद गाडीत बसवण्याची. सॉल्व्हंट आतच सुटत राहतं आणि उन्हात तापलेल्या गाडीत तुम्ही ते हुंगत बसता. हाताला कोरडं लागणं म्हणजे आतपर्यंत वाळणं नव्हे. वास पूर्ण जाईपर्यंत तुकडा बाहेर ठेवा, चार दिवस गाडी तशीच उघडी दिसली तरी चालेल.

आणि हो, चिकट झालेली बटणं. काही गाड्यांत मऊ रबरी स्पर्शाचा पॉलियुरेथेनचा लेप असतो, तो दमट हवेत वर्षानुवर्षांनी विघटित होऊन चिकट होतो. त्याच्यावर रंग देऊन उपयोग शून्य. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो लेपच पुसून काढा, खाली बरेचदा चांगलं प्लॅस्टिक निघतं. फक्त बटणांवरची चिन्हं त्या लेपातच कोरलेली असतील तर तीही जातील.

खटपट्या

माझं म्हणणं अजूनही कायम: चौकटी, फ्रेमा, एसीच्या जाळ्यांच्या कडा घरी होतात आणि चांगल्या होतात. हाताच्या भागांबद्दल गनवाल्यांचं अर्धं मान्य. शंका असलेल्यांनी आधी तुकड्याच्या मागच्या बाजूला थोडा रंग मारून पाहावा. पूर्ण वाळला की ब्लेडने बारीक चौकटी आखा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग निघाला तर तिथेच थांबा.

गनवाला

चाचणी बरोबर, जागा चुकीची. मागच्या बाजूला डॅशबोर्डचं पॉलिश कधी पोचलेलंच नसतं, तिथे रंग धरणारच. पुढच्याच बाजूची, पण बसवल्यावर शेजारच्या तुकड्याखाली झाकली जाणारी कड घ्या. तिथे धरला तर तुम्ही जिंकलात.