विषय: आई-बाबांचा डच व्हिसा आणि गणपती – तातडीचं

नमस्कार मंडळी,
एजंटने तिकीट उद्या संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलंय, म्हणून घाईत विचारते. आई-बाबा १० एप्रिल ते ८ जून ताईकडे नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला होते. डच व्हिसा दोन वर्षांचा, मल्टिपल एंट्री, स्टिकरवर मुक्कामाचे दिवस ९०. आता गणपतीसाठी माझ्याकडे लुडविग्सबुर्गला यायला १० सप्टेंबरला फ्रँकफर्टला उतरायचं आणि भाऊबीज उरकून १५ नोव्हेंबरला परत. तिकडचे ६० अधिक इकडचे ६७, झाले १२७! जर्मनीचा वेगळा व्हिसा काढावा लागेल का? की देश बदलला म्हणून दिवस पुन्हा शून्यापासून? बाबा रोज दोनदा फोन करतायत.
– लुडविग्सबुर्ग

---

चि. लुडविग्सबुर्ग,
नियम सरळ आहे. जिथे जास्त दिवस राहायचं, तिथल्या वकिलातीचा व्हिसा. त्यामुळे मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे नव्याने अर्ज करावा. सोबत आउसलँडरबेहोर्डचं, म्हणजे इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीचं, खर्चाचं हमीपत्र हवंच, २९ युरो पडतात, पण अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. आणि व्हिसा नाकारला तर पूर्वी वकिलातीकडेच फेरविचार मागता यायचा, १ जुलै २०२५ पासून तेही बंद. उगाच धोका पत्करू नये. आम्ही आमच्या आईला आणलं तेव्हा सगळं रीतसर केलं होतं.
– सिंडेलफिंगनचे काका

---

काका, तुमचं रीतसर ठीक आहे, पण तो नियम अर्ज करतानाचा. डच व्हिसा नेदरलँड्ससाठी मागितला, तिथेच आधी वापरला, राहिलेही तिथेच. आता तोच वैध व्हिसा घेऊन जर्मनीत यायला काहीच हरकत नाही. डच व्हिसा काढून पहिल्याच फेरीत परस्पर इकडे उतरले असते तर पोलिसांनी भुवया उंचावल्या असत्या. शिवाय हातात मल्टिपल व्हिसा असताना दुसरा मागायला गेलं तर खिडकीवरच विचारतील, कशाला?
'देश बदलला की दिवस शून्य' हे मात्र साफ चूक. सगळं शेंगेन, म्हणजे या एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, मिळून एकच खातं.
– एसलिंगन

---

दोन वर्षांचा कसा मिळाला? आमच्या सासूबाईंना प्रत्येक वेळी मोजून तिकिटाच्या तारखांपुरता देतात, आणि फी मात्र ९० युरो. विचारलं की म्हणतात, अधिकाऱ्याचा निर्णय.
– फायहिंगन

---

फायहिंगन वहिनी, १८ एप्रिल २०२४ ला भारतीयांसाठी वेगळी पद्धत ठरली. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पासपोर्टात मुदत असेल तर साधारण पाच वर्षांचा. सासूबाईंचे जुने व्हिसा अर्जाला जोडले होते का? लोक जुना पासपोर्ट गोदरेजच्या कपाटात ठेवून येतात.
– एसलिंगन

---

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. १२७ हा आकडाच चुकीचा आहे, दिवस असे बेरजेने मोजत नाहीत. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून त्या दिवसासकट १८० दिवस बघायचे आणि त्यात ९० च्या वर गेलात का एवढंच तपासायचं. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरायचे.
१० सप्टेंबरला खात्यावर ६० जुने. ६ ऑक्टोबरपर्यंत नवे २७, म्हणजे ८७. ७ ऑक्टोबरला १० एप्रिल या १८० दिवसांच्या बाहेर पडतो, ८ ला ११ एप्रिल. म्हणजे पुढे रोज एक दिवस चढतो, एक उतरतो, आकडा ८७ वरच थांबतो. १५ नोव्हेंबर आरामात निघतो.
मोकळीक फक्त तीन दिवसांची आहे. तिकीट अलीकडे आणायचं झालं तर ७ सप्टेंबर ही शेवटची हद्द. ६ ला उतरले तर ६ ऑक्टोबरला ९१ होतात. आणि आता शिक्का चुकून दुसऱ्याच पानावर मारला वगैरे चालत नाही, १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरची नवी यंत्रणा सुरू झाली, दिवस संगणकच मोजतो.
– ब्योब्लिंगन

---

ब्योब्लिंगन, उन्हाळ्यात ते मध्ये लंडनला आत्याकडे चार रात्री गेले होते. ते वजा करायचे?
– लुडविग्सबुर्ग

---

करायचे, पण जाण्याचा आणि परतण्याचा दिवस शेंगेनमध्येच धरला जातो. चार रात्री म्हणजे मधले तीन दिवस बाहेरचे. जास्तीची उशी समजा, त्यावर झोपू नका.
हमीपत्र सक्तीचं नाही. सीमेवर दाखवायला परतीचं तिकीट, तुमचं निमंत्रणाचं पत्र, पत्ता आणि नवा विमा, किमान ३०,००० युरोचा. जूनमधली पॉलिसी संपलीय, तीच दाखवू नका. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शनही सोबत असू दे.
– ब्योब्लिंगन

---

हमीपत्र सक्तीचं नाही हे मलाही ठाऊक आहे. पण खिशात असलेलं बरं, एवढंच म्हणतो. सीमेवर तुम्ही नसता, आई-वडील असतात.
– सिंडेलफिंगनचे काका

---

मंडळी, मध्येच विचारते. भाचा पुण्याहून मास्टर्ससाठी येतोय, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, किती टाकायचे? आणि चान्सनकार्टवर, त्या नोकरी शोधायच्या परवान्यावर, आला तर सोपं जाईल का?
– श्टुटगार्ट-वेस्ट

---

सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांना महिना ९९२, वर्षाचे ११,९०४ युरो. त्याआधी एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या कचेरीचं, प्रमाणपत्र, तेच अडकतं. चान्सनकार्टवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं, आणि ते नोकरी शोधायला आहे, शिकायला नाही. प्रवेश मिळाला असेल तर त्या वाटेला जाऊ नका. स्वतंत्र मेल टाका, इथे गणपतीचा विषय सुरू आहे.
– एसलिंगन

---

नमस्कार,
सचिव म्हणून नम्र विनंती. ही मेल-यादी कार्यक्रमांसाठी आहे, व्हिसाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळा आहे. पण विषय निघालाच आहे म्हणून सांगते, उकडीच्या मोदकांची कार्यशाळा शनिवारी, ५ सप्टेंबरला ठरली आहे आणि त्यात काकूंचं, म्हणजे लुडविग्सबुर्गच्या आईंचं, नाव छापून गेलंय. तिकीट पाच दिवस अलीकडे घेता येईल का?
– सचिव

---

सचिव ताई, वरचा मेल वाचलात ना? ५ ला उतरल्या तर ५ ऑक्टोबरलाच ९१ होतात. लंडनचे दिवस धरून जेमतेम निघेल, पण मोदकांसाठी काकूंचा पुढचा व्हिसा पणाला लावणार?
– ब्योब्लिंगन

---

मग कार्यशाळा १२ ला घ्या, सोमवारी स्थापना आहे, ताजे मोदकही होतील. नाव छापायच्या आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. बुकिंग आमच्याकडे असताना कधी असं झालं नाही.
– फायहिंगन

---

१२ ला हॉल तमिळ मंडळाकडे आहे.
– सचिव

---

तमिळ मंडळाचा कार्यक्रम चारला संपतो, त्यांच्या खजिनदारांशी मी बोलतो. तिकीट १० चंच काढतेयस ना, लुडविग्सबुर्ग? तांदळाची पिठी आणायला सांग काकूंना. नारळ इथले चालतील.
– सिंडेलफिंगनचे काका

---

१० चं काढलं. आई पिठी दोन किलो आणतेय, मी विम्याचं आज रात्री बघते. काका, त्या हमीपत्राचा फॉर्म तुमच्याकडे असेल तर पाठवून ठेवा. बाबांना ते कागद हातात हवेतच.
– लुडविग्सबुर्ग